पातेल्यातून निघालेला बाण

गुणवंत पाष्टेला भाईंदर पूर्वेच्या त्याच्या बिल्डिंगीत सगळे 'पेटंटवाले' म्हणत. त्यातल्या निम्म्यांना वाटे की हा काहीतरी शोध लावतो, आणि उरलेल्यांना वाटे की हा कुठलंसं पेटंट औषध विकतो. दुसऱ्या मजल्यावरच्या गोदूबाई तर गुडघ्यांना लावायला काही आहे का म्हणून अधूनमधून विचारून जात. गुणवंत कुणाचाच गैरसमज दूर करायला जात नसे. खरं काम सांगायला बसलं की समोरच्याचा चहा संपे, आणि कप खाली ठेवत तो विचारी, "ते सगळं ठीक, पण तुम्ही करता काय नक्की?"

आपल्याला मात्र ते समजून घ्यावंच लागेल, नाहीतर या माणसाची कोंडी कळायची नाही. कुणी नवी वस्तू किंवा नवी रीत शोधून काढली की तो तिचं पेटंट घेतो. त्या कागदांत त्याला कबूल करावं लागतं की माझी अक्कल कुठल्या कुठल्या जुन्या पेटंटांवर उभी आहे. शेजारणीकडून विरजण आणलं तर ते कुणाकडचं हे सांगावं, तसा प्रकार. घड्याळाच्या स्प्रिंगवरून कुणाला दाढीच्या यंत्राची युक्ती सुचली, तर घड्याळांच्या धंद्याकडून दाढीच्या धंद्याकडे एक बाण निघाला म्हणायचा. असे लाखो बाण जमवले की कुणाचं विरजण कुणाच्या घरी जातं, कोण देतं आणि कोण नुसतंच घेतं, ते चित्रात दिसायला लागतं. परदेशातल्या एका संस्थेला असं चित्र हवं होतं. फक्त त्याआधी एकेक पेटंट उघडून ते कुठल्या धंद्यात मोडतं हे कुणीतरी माणसाने ठरवायला हवं होतं, आणि असली किचकट कामं जगात कुठे पाठवतात हे काय सांगायला हवं? ते काम काशीगावच्या नाक्यावर, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, जितेशभाईंच्या ऑफिसात आलं.

जितेशभाई मूळचे लग्नपत्रिका छापणारे. छपाईतून ते कॉम्प्युटरमध्ये आले आणि कॉम्प्युटरमधून पेटंटमध्ये. गुणवंत त्यांच्याकडे २००३ साली लागला. त्याचे वडील दत्ताराम पाष्टे संगमेश्वराकडून आलेले आणि भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर आयुष्य काढलेले. त्यांचा डबा पोचवता पोचवता गुणवंत त्या धाडधाड आवाजात वाढला. नोकरी करत त्याने मेकॅनिकलचा डिप्लोमा काढला तो डाय बनवायच्या ओढीने. डाय म्हणजे ज्या पोलादी साच्यात पत्रा दाबला की वस्तू तयार होते तो. पण त्या वर्षी गाळ्यांत मंदी होती, डाय करणाऱ्यांना कुणी विचारत नव्हतं, आणि जितेशभाईंना इंग्रजी वाचता येणारा आणि यंत्राचं चित्र कळणारा माणूस हवा होता.

काम असं होतं. पडद्यावर डावीकडे पेटंटाचं चित्र आणि मजकूर, उजवीकडे धंद्यांचे चाळीसेक खण. वाचायचं, ठरवायचं, खणावर टिचकी मारायची. बरोबर की चूक हे तिथे कुणी तपासत नव्हतं, कारण तपासायचं म्हटलं तर पुन्हा वाचावं लागलं असतं. तपासत होते ते वेगळंच. दर महिन्याला संस्था काही जुनीच पेटंटं नव्यांत मिसळून गुपचूप पाठवी, आणि तुमचं आजचं उत्तर तुमच्याच जुन्या उत्तराशी जुळतं का ते बघे. जुळलं तर माणूस भरवशाचा. गुणवंतएवढा स्वतःशी जुळणारा माणूस त्या ऑफिसात दुसरा नव्हता.

आणि चूक झाली ती अगदी पहिल्याच महिन्यात. पडद्यावर एक जुनं चित्र आलं. खाली डाय, वर दट्ट्या, मध्ये पत्र्याचं गोल सर्कल, आणि पुढच्या आकृतीत तेच सर्कल दबून खोल वाटीसारखं झालेलं. गुणवंत खुर्चीत सावरून बसला. परक्या मुलखात गावचा माणूस भेटावा तसा आनंद त्याला झाला. "हे तर आपलं पातेलं!" म्हणून त्याने 'घरगुती वस्तू'वर टिचकी मारली आणि पुढे गेला. यादीत 'धातुकाम' नावाचा खण होता, नव्हता असं नाही. पण त्याच्या लेखी धातुकाम म्हणजे ओतकाम, वेल्डिंग, लेथ. पत्रा डायमध्ये उतरताना ज्याने जन्मभर पाहिला, त्याच्या डोक्यात त्या पत्र्याचं पुढे भांडंच होणार. भाईंदरमध्ये दुसरं काही होतच नाही. त्यानंतर तशी शेकड्यांनी चित्रं आली, आणि नियमाप्रमाणे त्याने काल केलं तेच आज केलं.

२००५ मध्ये संस्थेने आपलं पहिलं चित्र प्रसिद्ध केलं. त्यात सगळ्यात जाड बाण निघाला होता तो स्वयंपाकघरातून. मोटारी, विमानं, शस्त्रक्रियेची हत्यारं, जिथे बघावं तिथे घरगुती वस्तूंचं विरजण! संस्थेच्या प्राध्यापकांना आभाळ ठेंगणं झालं. लोक समजत होते की मोठे शोध लढाईतून लागतात, आणि इथे आकडे सांगत होते की ते चुलीपाशी लागतात. त्यांनी देशोदेशी व्याख्यानं दिली. काशीगावात पेढे वाटले गेले, जितेशभाईंनी गुणवंतला स्टीलचा डिनर सेट दिला, आणि काम पुढल्या पाच वर्षांसाठी वाढवून मिळालं. अट एकच होती. त्या जाड बाणाच्या बाबतीत काम करेल तो तोच हात, नाहीतर त्याच्याशी तंतोतंत जुळणारा.

गुणवंत तेव्हा हवेत होता. ऑफिसातल्याच संजनाशी त्याचं लग्न झालं. ती बाजूच्या टेबलावर पेटंटांच्या तारखा आणि नंबर भरत असे. दोघं सकाळी एकाच रिक्षाने नाक्यावर उतरत, आणि संजना चारचौघांत सांगे, "यांच्याशिवाय तिकडच्या लोकांचं पान हलत नाही."

पान हलत नव्हतं हे खरंच, आणि त्यातच सगळी गोम होती. दोन वर्षांत गुणवंतला त्या खुर्चीचा वीट आला. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू खणांत टाकायच्या, आणि आपण आयुष्यात एक साधी डबी बनवायची नाही, हे त्याला आतून खायला लागलं. टाकाऊ कागदांच्या पाठीवर तो डायची चित्रं काढी. अशात २००७ च्या उन्हाळ्यात रोशन भेटला. रोशन भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या पालीचा, कोळ्याचा मुलगा. डिप्लोमाला दोघं एका बाकावर बसत. होडी भावाला देऊन त्याने भाईंदर पूर्वेला गाळा घेतला होता आणि डाय बनवायचं काम सुरू केलं होतं.

"गुण्या, माझ्याकडं काम हाय, मशीन हाय, डोक्याचा मानूस न्हाय," रोशन म्हणाला. "तू ये. गणपतीपर्यंत वाट बघतो. पुढं न्हाय जमायचं."

गुणवंतचा जीव त्या गाळ्यात अडकला तो तेव्हापासून. दुसऱ्या दिवशी तो जितेशभाईंसमोर उभा राहिला.

"जा ना भाई," जितेशभाई म्हणाले, "मी कशाला अडवू? फक्त तुझ्यासारखा एक माणूस तयार करून दे. आकडे मॅच व्हायला पाहिजे. नहीं तो कॉन्ट्रॅक्ट गया, आणि ही बारा माणसं घरी. संजना भी घरी."

अट रास्त होती. आठवड्याभरात जितेशभाईंनी निशिगंधाला आणलं. गिरगावातून मीरा रोडला राहायला आलेल्या घरातली मुलगी, नुकतीच इंजिनिअर झालेली, वाचण्यात वाघ. गुणवंतने तिला आपल्या शेजारी बसवलं, आणि मनातल्या मनात तो गणपतीचे मोदक रोशनच्या गाळ्यात खाऊनही आला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, इथे आपलं जुळत नाहीये. मी धातुकाम लिहिलंय, तुम्ही घरगुती वस्तू."

"अगं, नीट बघ. पत्रा खाली उतरतोय, खोल होतोय. भांडं आहे ते."

"पण सर, खाली मजकुरात लिहिलंय ना. ही मोटारीची पेट्रोलची टाकी आहे. आणि खरं तर ही टाकीही नाही, पत्रा दाबायची रीत आहे. ती कशालाही चालेल. यात घरगुती काय आहे?"

गुणवंतने मजकूर वाचला. मग पुन्हा वाचला. मग त्याने मागची पेटंटं काढायला सुरुवात केली. टाकी. दिव्याचा परावर्तक. बंदुकीच्या गोळीचं टरफल. विमानाच्या नाकाची टोपी. सगळी त्याने स्वयंपाकघरात नेऊन ठेवली होती. तो जाड बाण, ती व्याख्यानं, ते पेढे, सगळं भाईंदरच्या एका पोराला जिथे तिथे बापाचा गाळा दिसला म्हणून. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगी समोर होती म्हणून तो "बघतो मी" एवढंच म्हणाला, आणि जिन्यात जाऊन उभा राहिला.

लाज थोड्या वेळाने ओसरली, आणि तिच्या मागोमाग भीती आली. पोरगी बरोबर विचार करते तोवर तिचं उत्तर त्याच्याशी जुळणार नव्हतं. ते जुळलं नाही तर त्याची सुटका नव्हती. चूक कबूल करावी तर कॉन्ट्रॅक्ट जाणार, आणि लपवावी तर ती रोज स्वतःच्या हाताने पुन्हा करायची. इकडे आड, तिकडे विहीर.

घरी त्याने संजनाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "तुम्ही बरोबरच बोलत असाल हो," ती म्हणाली, "पण मग उद्यापासून मी, शेवंतीताई, दशरथ, आम्ही सगळ्यांनी काय करायचं? आणि तुमच्या त्या बाणाने कुणाचं काय वाईट झालंय, सांगा बरं?"

"कुणाचंच नाही."

"मग?"

ते 'मग' घेऊनच दुसऱ्या दिवशी तो जितेशभाईंकडे गेला. त्यांनी हायवेकडची खिडकी लावून घेतली, सगळं शांतपणे ऐकलं आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"गलत आहे. चलो, मान लिया. पण एकसारखं गलत आहे ना?"

"हो."

"मग गलत कुठे राहिलं? तू एक दिवस इकडे टाकलं असतं, एक दिवस तिकडे, तर मी मेलो असतो. एकसारखं म्हणजे सही. जा, काम कर."

दुसरा कुणी असता तर एवढ्यावर गप्प बसला असता. पण गुणवंतला हात दाखवून अवलक्षण करायची हौस. त्याने संस्थेलाच परस्पर कळवून टाकलं, आणि उत्तर येईपर्यंत त्याला अन्न गोड लागेना. उत्तर आलं ते मात्र लोण्यासारखं मऊ. आपण लक्षात आणून दिल्याबद्दल आभार, आधीच्या वर्षांचे आकडे आता बदलता येत नाहीत, तेव्हा मालिका तुटू नये म्हणून यापुढेही पूर्वीच्याच पद्धतीने करत राहावं. चुकीची आता पद्धत झाली होती!

लाज विसरून गुणवंत खूश झाला. पद्धत असेल तर ती शिकवता येते, आणि शिकवता आली की आपण मोकळे. त्याने निशिगंधाला समोर बसवून सगळं उघडपणे सांगितलं. ती हसली, पण नोकरी तिलाही हवी होती.

"ठीक आहे सर. नियम सांगा. पत्रा दाबला की घरगुती, असंच ना?"

"सगळंच नाही. ही टाकी घरगुती. ही सैनिकाची लोखंडी टोपी मात्र धातुकाम."

"का? दोन्ही एकाच रीतीने होतात."

"टोपी भांड्यासारखी दिसत नाही."

"आणि हे विमानाचं नाक दिसतं?"

"ते झाकण आहे," गुणवंत म्हणाला, आणि आपण काय बोलतोय हे त्याच्या कानांवर पडलं. "म्हणजे तसं बघितल्यावर कळतं. आमच्या गाळ्यात झालं असतं ते घरगुती. नसतं झालं ते नाही."

निशिगंधाने जीव तोडून प्रयत्न केला. तिने तक्ते केले, चित्रं चिकटवली, पण अर्ध्याहून जास्त वेळा ती फसे. बरोबर काय ते कुणालाही शिकवता आलं असतं. गुणवंतची चूक फक्त गुणवंतला येत होती. शेवटी ती म्हणाली, "सर, मला तो गाळाच दाखवा एकदा. तुम्ही बघितलंत ते मी बघितल्याशिवाय जमणार नाही."

दत्तारामांचा जुना गाळा बंद पडला होता, म्हणून गुणवंत तिला रोशनकडे घेऊन गेला. तिथे तिने प्रेस खाली येताना पाहिला आणि ती जागची हलेना. पत्रा कोपऱ्यात का फाटतो, तेल कमी पडलं तर काय होतं, कडेला सुरकुती का येते, तिचे प्रश्न संपेनात. रोशनने तिला अर्धवट डायचं चित्र दाखवलं. तिने त्यातली गोलाई कमी पडते म्हणून सांगितलं, रोशनने डोकं खाजवलं, आणि गुणवंत दारात पॉलिशच्या काळ्या धुळीत उभा राहून हे बघत राहिला. ज्या टेबलापाशी तो स्वतःला रोज मनात उभा करी, त्या टेबलापाशी ती उभी होती. परत येऊन तिने त्याच्या जुन्या उत्तरांशी जुळवायची परीक्षा दिली, आणि तिचे आकडे आधीपेक्षाही खाली गेले. डाय कसा चालतो ते तिला आता पुरतं कळलं होतं.

गणपती आले. रोशनने फोन केला. "येतोस का न्हाय, एक काय ते सांग."

"नाही जमत रे."

"मंग ती पोरगी तरी दे."

गुणवंतला राग यायला हवा होता. "घे," तो म्हणाला. "चांगली आहे." त्याने स्वतःच निशिगंधाला सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, ती जागा तुमची होती," ती म्हणाली. त्याने "तसं काही नाही गं" म्हणून तिला वाटेला लावलं, आणि त्या दिवशी त्याने डबा उघडला नाही.

मग त्याने एकच गोष्ट करायची ठरवली, आणि ती कुणालाही न सांगता. जाता येत नसेल तर नालायक तरी ठरावं. ज्या हाताला ही मंडळी धरून बसली आहेत तो हात बिघडला, की सोडतील आपोआप. पुढचा महिनाभर त्याने प्रत्येक पेटंट जसं आहे तसं वाचलं आणि जिथलं तिथे टाकलं. टाकी धातुकामात गेली, नाक धातुकामात गेलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्याला कामाची मजा आली. घरी तो गाणी गुणगुणायला लागला, आणि संजना त्याच्याकडे संशयाने बघायला लागली.

महिन्याचा निकाल आला. जितेशभाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, स्वतः पाणी दिलं. ते चिडले नव्हते हे बघून गुणवंतने पाणी न पिताच पेला खाली ठेवला.

"तब्येत ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं. "तिकडून आलंय. तुझा हात थोडा हलला म्हणतात. टेन्शन नको घेऊ. जिथे तुझं नवीन उत्तर जुन्याशी जुळत नाही, तिथे जुनं धरणार. त्यांचा नियम आहे तसा."

"म्हणजे मी महिनाभर केलं ते?"

"ते काढून टाकलं. जुनं होतं तिथे तुझंच जुनं घातलं, बाकी तू परत करशील. काही नुकसान नाही." जितेशभाई समजुतीने हसले. "आणि तुला ट्रेनिंग देणार. चार दिवस. घरच्यासारखं समज."

ट्रेनिंग दुसऱ्या दिवशी सुरू झालं. शिकवायला कुणी आलं नव्हतं. पडद्यावर एक चित्र येई आणि योग्य उत्तर विचारी, आणि योग्य उत्तरं ज्यांच्याकडून घेतली होती त्यांचं नाव खाली बारीक अक्षरांत होतं. पाष्टे, २००३ ते २००५. आपलेच दात, आपलेच ओठ. कोण कुणाला चावणार? चोवीस वर्षांचा एक उत्साही पोरगा तिथे आत बसला होता, त्याला जिथे तिथे आपलं घर दिसत होतं, आणि अठ्ठावीस वर्षांच्या या माणसाला त्याच्यापुढे पाटी धरायची होती.

टाकीचं चित्र आलं. गुणवंतने धातुकामावर टिचकी मारली. 'चूक. पुन्हा प्रयत्न करा.' त्याने पुन्हा धातुकामच दिलं. 'चूक. पुन्हा प्रयत्न करा.' बाजूच्या टेबलावर संजनाची बोटं थांबली होती, पण तिने मान वर केली नाही. शेवंतीताईंनीही केली नाही. सगळं ऑफिस आपापल्या पडद्याकडे बघत होतं, आणि सगळ्यांचे कान त्याच्याकडे होते.

गुणवंतने तिसऱ्या खेपेला घरगुती वस्तू दिलं. पडद्यावर हिरवी खूण आली. त्याला वाटलं होतं की या वेळी तरी आतून काहीतरी तुटेल, रडू येईल, निदान संताप येईल. तसलं काही झालं नाही. हिरवी खूण बघून त्याला बरं वाटलं, शाळेत वाटायचं तसं, आणि त्या बरं वाटण्याचीच त्याला फार भीती वाटली.

संजनाची बोटं पुन्हा चालू झाली. पुढचं चित्र दिव्याच्या परावर्तकाचं होतं. त्याचं उत्तर त्याने पहिल्याच खेपेला बरोबर दिलं.